मैत्रीण दारू सोडतेय आणि तिला दिवस गेलेत: सोबत कशी करावी

दारू सोडण्याच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रीला दिवस गेले की आजूबाजूच्यांना हायसं वाटतं. ‘आता बाळासाठी तरी सोडेल,’ असं जो तो म्हणतो. पुष्कळदा ती सोडतेही. पण या कारणाला मुदत असते. बाळंतपण झालं की ते कारण सैल पडतं, झोप उडालेली असते, आणि पुन्हा प्यायला लागण्याचा धोका तेव्हा वाढतो. म्हणून मैत्रिणीला साथ द्यायची असेल तर नऊ महिन्यांचा हिशेब धरू नका, बाळ वर्षाचं होईपर्यंतचा धरा. त्या बेताने स्वतःचा वेळ आणि ताकद वाटून ठेवा.

आधी हे विचारा: शेवटची कधी घेतली?

ती महिनोन्‌महिने कोरडी असेल तर हा भाग तिला लागू नाही. पण परवापर्यंत रोज पीत असेल तर ‘आजपासून बंद’ हा सल्ला घरच्या घरी देऊ नका. शरीराला रोजच्या दारूची सवय झालेली असताना ती अचानक थांबली की विड्रॉवलचा त्रास होतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होणं, नसलेलं दिसणं, ताप असा गंभीर प्रकार होऊ शकतो. पोटात बाळ असताना यातली प्रत्येक गोष्ट दोघांच्या जिवावर बेतू शकते.

तीन प्रश्न पुरतात. रोज प्यायची का? सकाळी उठल्यावर ‘उतारा’ लागायचा का? पूर्वी सोडताना कधी फिट आली किंवा भ्रम झाला होता का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही दारूवर अवलंबून असलेल्या गरोदर स्त्रीची दारू वैद्यकीय देखरेखीखाली, आणि गरज असेल तेव्हा रुग्णालयात दाखल करून सोडवावी असं म्हटलं आहे. तिथे देखरेखीखाली थोड्या दिवसांसाठी औषधं देऊन हा काळ पार करता येतो. घरी ‘थोडी थोडी कमी करत नेऊ’ असा बेत आखू नका, आणि झोपेच्या गोळ्या तर मनाने मुळीच देऊ नका.

रुग्णालय असं निवडा की जिथे प्रसूतिविभाग आणि मानसोपचार विभाग एकाच आवारात आहेत. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन किंवा नायर, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ). खासगी व्यसनमुक्ती केंद्रात जायचं असेल तर फोनवरच विचारा: गरोदर बाई घेता का, स्त्रियांचा वेगळा विभाग आहे का, रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ मिळतात का? पुण्याच्या मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. तिथेही निघण्याआधी गरोदरपणाची कल्पना द्या.

किती प्यायची हे डॉक्टरांना सांगताना ‘थोडीशी’, ‘फक्त बियर’ असे शब्द उपयोगाचे नाहीत. मिलिलिटरमध्ये सांगा. ३० मिलीचा स्मॉल पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची एक बाटली चार स्मॉल पेगइतकी भरते. ‘फक्त बियर’ म्हणणाऱ्या पुष्कळांना हे गणित ठाऊक नसतं.

गुपचूप दिल्या जाणाऱ्या गोळ्या

आपल्याकडची सर्वात घातक पद्धत म्हणजे ‘न सांगता दारू सोडवा’ छाप पुड्या, किंवा डायसल्फिरामची गोळी वरणात कालवून देणं. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की रक्तदाब कोसळू शकतो, धाप लागते, क्वचित जीवही जातो. गरोदरपणात हे औषध टाळतात. पुडीत काय आहे ते तर विकणाऱ्याखेरीज कुणालाच माहीत नसतं. सासरचं किंवा माहेरचं कुणी असा घाट घालत असेल तर इथे भीड बाळगू नका, स्पष्ट बोला. ती आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने दारू सोडण्याची गोळी घेत असेल आणि मध्येच दिवस गेले असतील, तर गोळी पुढे चालू ठेवायची की नाही हे त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना विचारून ठरवायला लावा.

तपासणीला सोबत जा, आणि तिला दोन मिनिटं एकटीला मिळवून द्या

ओपीडीत शेजारी सासू बसली असेल तर दारूबद्दल मैत्रीण खरं बोलणार नाही. तेव्हा केसपेपर काढायला किंवा औषधांच्या रांगेत सासूबाईंना सोबत घेऊन तुम्ही जा. तेवढ्यात तिचं बोलून होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार व्यसनाचे उपचारही त्याच कायद्याखाली येतात आणि ती माहिती गोपनीय ठेवण्याचा तिला हक्क आहे. त्याच कायद्याने तिला नामनिर्देशित प्रतिनिधीही नेमता येतो. साध्या कागदावर, तिच्या सहीने, आणि तो प्रतिनिधी नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. कठीण प्रसंगी तुम्ही तिच्या बाजूने बोलावं असं तिला वाटत असेल तर हा कागद आधीच करून ठेवा.

डॉक्टरांशी बोलताना थायामिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा विषय काढाच. दारूने ते आधीच कमी झालेलं असतं, त्यात पहिल्या महिन्यांतल्या उलट्यांची भर. अशा अवस्थेत जवळच्या दवाखान्यात ‘अशक्तपणासाठी’ नुसती ग्लुकोजची सलाईन लावली तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. थायामिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत द्यायला हवं. बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं ही त्याच्या कमतरतेची लक्षणं. फोलेटही दारूमुळे घटतं, म्हणून पहिल्या तिमाहीतल्या फॉलिक ॲसिडच्या आणि नंतरच्या लोहाच्या गोळ्या चुकू देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते. पैशाची अडचण असेल तर ती तारीख धरा.

अपराधीपणाला उत्तर

‘दिवस गेलेत हे कळायच्या आधी मी प्यायले, आता बाळाचं काय?’ हा प्रश्न ती रात्री-बेरात्री विचारणार. ‘काही होत नाही गं’ असं म्हणू नका. ते तुम्हाला माहीत नाही आणि तिलाही पटत नाही. गरोदरपणात दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही, आणि दारूने बाळाच्या मेंदूवर झालेला परिणाम सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ हेही पूर्ण उत्तर नाही. मात्र बाळाचा मेंदू नऊही महिने वाढत असतो, त्यामुळे आज थांबल्याचा फायदा आजपासून होतो, मग कितवाही महिना असो. एवढं खरं आणि पुरेसं आहे. दारू किती, कधी घेतली हे जन्मानंतर बालरोगतज्ज्ञांनाही सांगायला तिला तयार करा. पुढे बोलण्यात-शिकण्यात काही अडचण दिसली तर लवकर मदत मिळते.

आणि ‘आई होणार आहेस, शोभतं का?’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधीच येऊ नये. लाज वाटली की माणूस लपवतो, आणि लपवून पिणारी तपासणीही चुकवते.

घरातली दारू, आणि दारू न वाटणारी दारू

बाटल्या घराबाहेर काढा. नवरा पीत असेल तर निदान घरात आणू नये आणि पिऊन आल्यावर वेगळ्या खोलीत झोपावं, एवढं तरी त्याच्याकडून कबूल करून घ्या. घरात मारहाण होत असेल तर मात्र हा वाटाघाटीचा विषय नाही. १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) हे नंबर तिच्याकडे असू द्या.

मग कपाट तपासा. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षासव अशी आसवं-अरिष्टं आंबवून बनतात आणि त्यांत अल्कोहोल तयार होतं. बाटलीवर तसं छापलेलं असतं. बाळंतिणीला तर दशमूलारिष्ट हमखास दिलं जातं. ज्यांना व्यसन नाही त्यांच्याबद्दल इथे बोलत नाही, पण हिच्यासाठी त्याची चवसुद्धा ओढ जागी करू शकते. पर्याय वैद्यांना विचारा. काही खोकल्याची औषधं, होमिओपॅथीचे अर्क, माउथवॉश, नाताळातला रम घातलेला केक, सर्दीवरचा ब्रँडीचा चमचा, हे सगळं त्याच यादीत. ‘झिरो’ बियरही नको. काहींत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं, आणि ग्लास, फेस, वास हे सगळं जुन्याच सवयीचं असतं.

कुणी ‘डोहाळे लागलेत, एवढं पुरवा’ म्हणालं तर हसून विषय बदला आणि कोकम सरबत पुढे करा.

ओढ लागली की

दारूची तीव्र ओढ बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा, एवढंच काम. तिने ‘ये’ किंवा नुसता एक ठिपका मेसेज केला तरी तुम्ही फोन करायचा, असं ठरवून ठेवा. फोनवर कारणं विचारत बसू नका. आधी विचारा, जेवलीस का? भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींनी ओढ वाढते, आणि गरोदरपणात भूक अन् थकवा दोन्ही पाचवीला पुजलेले. हाताशी उकडलेलं अंडं, शेंगदाणे, केळं, ताक असू द्या. मधुमेह निघाला असेल तर आहार डॉक्टरांना विचारून. मग तिला चालायला घेऊन जा.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या सभा मोफत असतात, मराठीतही होतात, ऑनलाइनही मिळतात. प्रवासाचा त्रास होत असेल तेव्हा ऑनलाइन सभा फार सोयीची. तुम्हीच तिचा एकमेव आधार होऊ नका. तुम्ही आजारी पडलात तर ती एकटी पडते.

घसरली तर

पहिला प्रश्न ‘का?’ नको. किती, कधी घेतली, आत्ता कशी आहेस, हे विचारा. एक-दोन पेग होऊन थांबली असेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांगायला सोबत जा. सलग काही दिवस पीत असेल तर पुन्हा वरचाच नियम: घरी एकदम बंद नाही, रुग्णालय. रात्री कुणाशी बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६.

फिट, भ्रम, थरथरीसोबत ताप, न थांबणाऱ्या उलट्या, अंगावरून रक्त जाणं, पोटात तीव्र दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं, जीव द्यायचे विचार: यातलं काहीही दिसलं तर १०८. विचारविनिमय नंतर.

माहेरी जाताना

हा टप्पा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी जाते, आणि डॉक्टर, समुपदेशक, सभा, तुम्ही, सगळं एकदम तुटतं. जाण्याच्या महिनाभर आधी तिथल्या डॉक्टरांची वेळ ठरवा, केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो तिच्या फोनमध्ये ठेवा, माहेरच्या एकाच माणसाला तिच्या संमतीने सगळं सांगा. आईलाच सांगायला हवं असं नाही, बहीण किंवा वहिनीही चालेल.

बाळंतपणानंतर

गरोदर बाईला सहसा कुणी पिण्याचा आग्रह करत नाही. बाळ झालं की ही ढाल जाते. ‘बारशाला एक घोट घे, आता काय हरकत आहे?’ याचं उत्तर बारशाआधीच तिच्याकडून पाठ करून घ्या. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा तुमच्या असू द्या: एकदा बाळ सांभाळून तिला सलग तीन-चार तास झोपू द्यायचं, एकदा तिला सभेला किंवा समुपदेशकाकडे सोडायचं. दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू, उदासी, बाळाबद्दल भीतीदायक विचार राहिले तर डॉक्टरांकडे न्या. बाळंतपणातलं नैराश्य दारूकडे ओढतं.

या काळात घसरली तर अंगावर पाजण्याआधी दर स्मॉल पेगमागे निदान दोन तास थांबायचं. दूध काढून टाकल्याने हा वेळ कमी होत नाही. आणि त्या रात्री बाळ तिच्या अंथरुणात झोपवायचं नाही, पाळण्यात. पाळण्याशेजारी कोण झोपणार, हे तिच्याशी आणि घरच्यांशी बोलून आधीच नक्की करून ठेवा.