ज्वालामुखीच्या तळ्याचे आकडे वाचताना या चुका टाळा

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या बुलढाणा जिल्ह्यात 'खाली ज्वालामुखी जागा झाला' असे मेसेज फिरत होते. अहो, लोणार उल्का आदळून झालेलं विवर आहे, पाणी आटलं, खारटपणा वाढला, मिठात जगणारे सूक्ष्मजीव वाढले म्हणून रंग बदलला. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका, ही पहिली गोष्ट.

आता खऱ्या ज्वालामुखीचं. इकडची पोरं आता न्यूझीलंडच्या जिओनेटचे (तिथल्या ज्वालामुखी-भूकंपांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे) आकडे मोबाईलवर बघतात, लय चांगलं आहे, पण सगळ्यात मोठी चूक तिथंच होते: ज्वालामुखीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड गॅस कमी दिसला की 'शांत झाला' म्हणून मोकळे! ज्वालामुखीच्या तोंडावर तळं असलं की हा गॅस पाण्यातच विरघळून जातो, वर मशीनला दिसतच नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र त्यामानानं फार कमी विरघळतो, म्हणून दोन्हींचं प्रमाण एकमेकांशी ताडून बघा. कोस्टा रिकाच्या पोआस ज्वालामुखीवर स्फोटांच्या आधी कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सल्फर डायऑक्साइड वाढलेला सापडला होता, एकटा आकडा धरून बसलं असतं तर ते कळलंच नसतं.

तापमानाचंही तसंच. न्यूझीलंडच्या रुआपेहू ज्वालामुखीचं तळं साधारण १५ ते ४५ अंशांमध्ये वरखाली होतच राह्यते, त्यामुळं पाणी गरम झालं की लगेच घाबरायचं काम नाही. पण थंड आहे म्हणून निर्धास्तही राहू नका, २५ सप्टेंबर २००७ ला तिथं स्फोट झाला तेव्हा पाणी थंडच होतं.

पाऊस विसरू नका. आपल्या विहिरीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मे महिन्यात वेगळा अन् ऑगस्टात वेगळा येते ना, तसंच तळ्यातलं क्लोराइड, मॅग्नेशियम पावसानं पातळ होते, म्हणून रुआपेहूवर मॅग्नेशियम भागिले क्लोराइड असं गुणोत्तर बघतात, पाणी वाढलं तरी ते फारसं हलत नाही, ते वर चढलं तं मात्र खाली ताजा गरम खडक पाण्याला भिडला असू शकते.

ग्राफमध्ये गॅप दिसला तर त्याला शून्य समजू नका. सल्फर डायऑक्साइड मोजणारे बरेच स्कॅनर सूर्याच्या अतिनील किरणांवर चालतात, रात्री अन् दाट ढगात रीडिंगच नसते. दिवसाला किती टन निघाला हा हिशोबही वाऱ्याच्या वेगावर बसवतात, वारा चुकीचा धरला की टनही चुकले, तेव्हा एखाद दिवशी आकडा एकदम उडाला तर आधी त्या दिवसाचा वारा बघा, मगच ग्रुपवर टाका.