सकाळी पाय उचलेनात: थायरॉइडमुळे येणारा लुळेपणा कसा ओळखावा

रात्री गोडाधोडाचं भरपेट जेवण किंवा दिवसभर अंगमेहनत, मग गाढ झोप. आणि पहाटे उठायला जावं तर पाय उचलत नाहीत. २० ते ४० वयाच्या पुरुषाचं असं झालं, तर 'अंगावरून वारं गेलं' असं लगेच धरून चालू नका. थायरॉइड जास्त काम करत असेल तर रक्तातलं पोटॅशियम एकदम स्नायूंच्या पेशींत ओढलं जातं आणि स्नायूंना आकुंचन पावता येत नाही. जेवणानंतर वाढणारं इन्सुलिन ही ओढ आणखी वाढवतं.

लुळेपणा दोन्ही बाजूंना असतो आणि मांड्यांत जास्त: पावलं थोडी हलतात, पण गुडघा उभा करता येत नाही. शुद्ध, बोलणं, स्पर्श, लघवीवरचा ताबा सहसा शाबूत असतो. एकच बाजू गेली, तोंड वाकडं झालं तर तो पक्षाघात. मुंग्या येऊन अशक्तपणा काही दिवसांत पायांकडून वर चढत गेला, तर जीबीएसचा (गुलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) संशय घ्यावा.

आता नाडी मोजा. पडून असतानाही मिनिटाला १०० च्या वर असेल तर थायरॉइडचा संशय बळावतो. हात थरथरणं, घाम, वजन उतरणं हेही आठवून पाहा. मात्र कित्येकांत ही लक्षणं इतकी पुसट असतात की ती नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नये.

वाट न पाहता रुग्णालय गाठा. ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी लुळेपणाचा झटका चालू असतानाच व्हायला हवी. काही तासांत ताकद परत येते, पोटॅशियमही जागेवर येतं, आणि मग रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून माणूस निदानाविना घरी जातो. सोबत टीएसएच आणि फ्री टी४ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करायला सांगा.

वाटेत सरबत, ग्लुकोज पाजू नका. सलाईन लावताना थायरॉइडचा संशय डॉक्टरांना बोलून दाखवा, कारण ग्लुकोजच्या सलाईनने पोटॅशियम आणखी घसरतं. पोटॅशियम देतानाही हात राखूनच द्यावं लागतं: ते शरीरातून गेलेलं नसतं, पेशींत दडलेलं असतं. ते बाहेर आलं आणि वरून दिलेलंही त्यात मिसळलं, की पातळी उलट इतकी चढते की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून दर थोड्या वेळाने तपासणी आणि हृदयावर मॉनिटर. श्वास किंवा गिळणं जड जात असेल तर आयसीयूच.

बरं वाटल्यावर रोज पोटॅशियमच्या गोळ्या घेऊन पुढचे झटके टळत नाहीत. थायरॉइडवर उपचार हवेत, आणि तो ताब्यात येईपर्यंत डॉक्टर बहुधा प्रोप्रानोलॉल (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) देतात. दमा असेल तर ते आधीच सांगा.