सीव्हीटीएस करायचंय? आधी पलंगाखालची बाटली बघा

सोलापुरात इंटर्नशिप करणाऱ्या मुलांना सीव्हीटीएस, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या आणि छातीची सर्जरी, म्हटलं की थेट बायपास दिसतो. ३ वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, मग आणखी ३ वर्षं एमसीएच ही पदवी, हा रस्ता सगळ्यांना पाठ असतो. माझ्या मते मात्र ही शाखा आयसीडीच्या (छातीतलं पाणी, पू, हवा बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीपासून सुरू होते, आणि ती शिकायला सिव्हिलसारखी जागा नाही. टीबीमुळे छातीत साठलेलं पाणी, एम्पायमा (छातीतला पू), हायवेवरच्या अपघातात मोडलेल्या बरगड्या; पेशंट कमी पडत नाहीत.

नळीची जागा काखेखालच्या सुरक्षित त्रिकोणात, बरगड्यांमधल्या साधारण पाचव्या फटीत. शिरायचं खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून, कारण रक्तवाहिन्या आणि नर्व्ह बरगडीच्या खालच्या कडेने जातात. ट्रोकार (नळी घुसवायची टोकदार सळई) जोरात आत ढकलणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. आर्टरी फोर्सेप्सच्या चिमट्याने स्नायू फाकवा, बोट घालून फुप्फुस चिकटलंय का चाचपा, मग नळी. टीबीत ते बऱ्याचदा चिकटलेलं असतं. आणि सगळं पाणी एका दमात काढू नका, १ ते १.५ लिटरला थांबा. बरेच दिवस दबलेलं फुप्फुस एकदम फुललं तर त्यातच पाणी भरतं.

बाटली कायम छातीच्या खाली. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली व्हायला हवं. होत नसेल तर नळी तुंबली असेल किंवा फुप्फुस पूर्ण फुललं असेल. एक्स-रे बघून ठरवा. बुडबुडे येत असताना नळी क्लॅम्प करायची नाही, हे वॉर्डातल्या मामांनाही सांगून ठेवा. ट्रॉली तेच नेतात.

बायपासच्या आयसीयूत पुढे हीच नजर लागते. पहिल्या रात्री ड्रेनचा, म्हणजे छातीतल्या नळीतून येणाऱ्या रक्ताचा, हिशेब तासातासाला. ताशी २०० मिलीच्या वर येतच राहिलं तर सीनियरला उठवा, छाती परत उघडावी लागू शकते. मला त्याहून जास्त धास्ती वाटते ती भरभर येणारा ड्रेन अचानक बंद पडण्याची. सोबत बीपी उतरतंय, सीव्हीपी (हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब) चढतंय, लघवी कमी झालीय, तर टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साठून ते दाबलं जाणं) धरूनच चाला. ‘ब्लीडिंग थांबलं’ म्हणून खूश होणारा एखादा ज्युनियर प्रत्येक बॅचमध्ये असतोच.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) होतं, तेव्हा पोटॅशियम बघा. मधुमेही पेशंटला खोकायला लावून छातीच्या हाडावर हात ठेवा, कटकट जाणवते का, म्हणजे कापलेलं हाड सुटलंय का, ते कळतं.

आता आपल्या गावचं. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजींना नातवामार्फत कन्सेंट समजावू नका. धोक्याचं तेवढं तो गाळतो. तेलुगू येणाऱ्या सिस्टरला बोलवा, अक्कलकोटकडच्या पेशंटला कन्नड येणाऱ्या. त्याच बैठकीत स्पायरोमीटरचे (श्वासाच्या व्यायामाच्या यंत्राचे) चेंडू उचलायलाही शिकवून टाका. ऑपरेशननंतर छाती दुखत असताना ते कोणी शिकत नाही.