पुडीतल्या पाल्यात बुरशीनाशक शोधताना

"अक्का, आम्ही कायबी मारलेलं नाही की. तुळशीला कोण औषध मारतंय?"

जांबोटीकडच्या एका बचत गटाच्या बाईंचं हे वाक्य मी उद्यमबागेतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर ऐकलं, तेव्हा त्यांच्यावर माझा विश्वास बसला होता. अजूनही आहे. तरी त्यांच्या पाल्यात मेटॅलॅक्सिल हे बुरशीनाशक निघालं. ते कुठून आलं, हे शेवटी सांगते. आधी ते कसं शोधायचं ते. नव्यानं लागलेली पोरं पहिल्याच दिवशी "मॅडम, मशीन कधी शिकवणार?" म्हणतात, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहिते आहे. मशीन शेवटी येतं.

बेळगाव-खानापूर पट्ट्यातून आमच्याकडे येतात त्या पुड्या तुळस, गवती चहा, पुदिना आणि शेवग्याच्या पाल्याच्या. सगळ्यांना लोक हर्बल टी म्हणतात. कायद्याच्या भाषेत चहा म्हणजे फक्त कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाचा पाला. गवती चहा कागदावर चहा नाही, हे सांगितलं की बायका पदर तोंडाला लावून हसतात. आपल्याला मात्र हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण औषधाच्या अंशाची मर्यादा कुठल्या रकान्यातली लावायची हे त्यावरून ठरतं. आणि चहाच्या पानासाठी बसवलेली पद्धत तुळशीला तशीच्या तशी लागू पडेल असं धरून चालू नका. तुळशीतलं युजेनॉल आणि गवती चहातलं सिट्रल मशीनमध्ये चांगलाच गोंधळ घालतात.

पुडी आली की पहिल्यांदा ती कशात बांधली आहे ते बघा. ही सवय मला एका फजितीनं लावली. काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या गावांच्या पाल्यात मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या गटाचे अंश दिसले. तिन्ही ठिकाणी जवळपास सारखेच. शेतं वेगळी, पाला वेगळा, आकडा एक? रिपोर्ट टाइप करून सहीसाठी ठेवले होते. संध्याकाळी फ्रीजरमधून पुड्या परत काढल्या तर तिन्हींना रबर बँड, आणि एकीत तर तुटलेला बँड पाल्यातच पडलेला. मी पाला बाजूला ठेवला आणि नुसता रबर बँड बाटलीत घालून तपासला. पीक, म्हणजे मशीनच्या आलेखातलं टोक, पडद्याच्या वर निघून गेलं. रबर पक्कं करायला जी रसायनं वापरतात त्यांत डायथायोकार्बामेटची, म्हणजे मॅन्कोझेबच्याच गटाची, भावंडं असतात. तेव्हापासून आमच्याकडे पुडीला सुती दोरा, आणि या एका चाचणीपुरते रबराचे हातमोजे बंद. तुमच्या हातातला मोजाही तेवढाच लबाड आहे.

नमुना किमान अर्धा किलो मागा. लोक पन्नास ग्रॅमची शोभेची पुडी घेऊन येतात, तीही वरवरची चांगली पानं निवडून. पोत्याच्या वरून, मधून, तळातून घेऊन एकत्र करा, स्वच्छ कागदावर ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तेच. जात्यावर दळण नेण्याआधी आजी गहू असेच पसरून खडे बघायची. तेवढा वेळ इथं द्या.

आता दोन वाटा फुटतात, आणि इथंच बहुतेक जण चुकतात. कार्बेन्डॅझिम, मेटॅलॅक्सिल, टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, अझॉक्सिस्ट्रोबिन ही मंडळी एका वाटेनं जातात. मॅन्कोझेब, ज्याला आपल्याकडे सगळे एम-पंचेचाळीस म्हणतात, ते दुसऱ्या. ते ना पाण्यात नीट विरघळतं ना नेहमीच्या द्रावकात, त्यामुळे पहिल्या वाटेवर ते दिसतच नाही. "दोनशे कीडनाशकं तपासली, काही नाही" असा रिपोर्ट घेऊन लोक खूश असतात. त्या दोनशेत मॅन्कोझेब नसतं. आपल्या भागात बटाटा, टोमॅटो, मिरची, तिकडं अथणीकडं द्राक्ष, सगळीकडं सर्रास मारलं जाणारं औषध तेच, आणि तेच न बघता पाला स्वच्छ ठरवायचा! नमुना घेतानाच गिऱ्हाइकाला विचारा: मॅन्कोझेब वेगळं बघायचं का? पैसे वेगळे पडतात, तेही सांगा.

म्हणून दळण्याआधी थोडा पाला अख्खा बाजूला काढा. मॅन्कोझेब दळताना, ओलं करताना मोडतं. त्यासाठी पाला कात्रीनं जाडसर कापायचा, बस्स. उरलेला ड्राय आइसबरोबर दळा, म्हणजे मिक्सर तापून काही उडून जाणार नाही, आणि एक मिलिमीटरहून बारीक चाळणीतून काढा. तुळशीचे देठ चाळणीवर राहतात. ते फेकू नका, परत दळा. देठही गिऱ्हाइकाच्या कपात जातात.

पहिली वाट म्हणजे क्वेचर्स, पाल्यातलं औषध द्रावकात ओढून घ्यायची पद्धत. २००३ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि लॅबमधले मोठाले फनेल अडगळीत गेले. ताज्या भाजीचे १० ग्रॅम घेतात, वाळक्या पाल्याचे मात्र २ ग्रॅमच. ५० मिलिच्या ट्यूबमध्ये २ ग्रॅम पूड, त्यावर १० मिलि पाणी, आणि अर्धा तास तसंच ठेवा. हा अर्धा तास पोरं हमखास खातात. वाळलेलं पान आक्रसलेलं असतं. ते भिजून फुगल्याशिवाय आत मुरलेलं औषध द्रावकाला सापडत नाही. शेवग्याची पूड तर पाणी पिऊन लापशीसारखी होते. तिला पाच मिलि पाणी आणखी लागलं तर द्या, पण ब्लँकला (औषध नसलेला स्वच्छ पाला) आणि स्टँडर्डलाही (मोजून औषध घातलेला तुलनेचा नमुना) तेवढंच द्या.

मग अंतर्गत मानक, म्हणजे प्रत्येक ट्यूबमध्ये सारखंच मोजून घालायचं ओळखीचं रसायन, म्हणून ट्रायफिनाइल फॉस्फेट, १० मिलि ॲसिटोनायट्राइल, आणि जोरात हलवणं. त्यानंतर क्षार: ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, अर्धा ग्रॅम डायसोडियम सायट्रेट. क्षार पडताच ट्यूब हाताला गरम लागते. त्याच क्षणी झाकण लावून हलवायला लागा. फोन वाजला तरी वाजू दे. दहा सेकंद थांबलात तर तळाशी खडा धरतो आणि मग तो चमच्यानं फोडत बसावं लागतं. अधूनमधून झाकण जरा सैल करून हवा जाऊ द्या. सेंट्रिफ्यूज पाच मिनिटं. वर येतो तो गडद हिरवा थर आपला.

तो हिरवा रंग बघून नव्या माणसाला वाटतं, स्वच्छ करूया. कार्बनची काळी पूड टाकली की थर भाताच्या पेजेवरच्या पाण्यासारखा निवळतो आणि फार समाधान वाटतं. पण कार्बेन्डॅझिम आणि थायाबेन्डॅझोल यांचे रेणू चपटे, ते क्लोरोफिलबरोबर त्याच कार्बनला चिकटून बसतात. रंग गेला, औषधही गेलं. मी प्रत्येक मिलिला १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, २५ मिलिग्रॅम पीएसए (घाण धरून ठेवणारी पूड), मेणासाठी थोडं सी-१८ (तशीच दुसरी पूड) घालते, आणि कार्बन घातलाच तर नखावर राहील एवढा. अर्क थोडा हिरवा राहिला तर राहू दे. मशीनला रंग दिसत नाही, मशीनला घाण दिसते, आणि घाणीवर दुसरा उपाय आहे: पातळ करणं. गाळलेला अर्क पाण्यानं पाचपट पातळ करून सोडला की मशीनचा सोर्सही (नमुना आत शिरतो तो भाग) वाचतो आणि कार्बेन्डॅझिमचं पीकही नीट येतं. नुसत्या ॲसिटोनायट्राइलमध्ये सोडलं तर ते लवकर येणारं पीक दुभंगतं, माकडाच्या शेपटासारखं पसरतं.

क्लोरोथॅलोनिल, कॅप्टन यांना ही एलसीची (द्रवाच्या प्रवाहात घटक वेगळे करणाऱ्या मशीनची) वाट मानवत नाही. त्यांना जीसीवर (तेच काम वायूच्या प्रवाहात करणाऱ्या मशीनवर) न्या, आणि पीएसएनंतर अर्काला फॉर्मिक ॲसिडचा थेंब द्या, नाहीतर ती वाटेतच मोडतात.

तुलनेसाठी स्वच्छ पाला लागतो, कारण नुसत्या द्रावकात केलेलं स्टँडर्ड तुळशीच्या अर्कात खोटं बोलतं. तेल आणि रंग सिग्नल दाबतात. बाजारात स्वच्छ तुळस कुठली मिळणार? माझी येते शहापूरच्या घरच्या वृंदावनातून. आई द्वादशीला पान तोडू देत नाही, त्यामुळे कॅलिब्रेशनचं वेळापत्रक थोडं पंचांगावर चालतं. तीही तुळस आधी तपासूनच ब्लँक म्हणून घेते. घरची आहे म्हणून सूट नाही.

मशीनवर प्रत्येक औषधाची दोन ट्रान्झिशन्स बघा, म्हणजे मूळ रेणूचं वस्तुमान आणि तो फुटल्यावरच्या तुकड्याचं वस्तुमान अशा दोन जोड्या. कार्बेन्डॅझिमला १९२ वरून १६० आणि १३२. मेटॅलॅक्सिलला २८० वरून २२० आणि १९२. टेब्युकोनॅझोलला ३०८ वरून ७० आणि १२५. दोन्ही पीक एकाच वेळी यायला हवीत, स्टँडर्डच्या वेळेपासून ०.१ मिनिटाच्या आत, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण स्टँडर्डमधल्या प्रमाणाच्या ३० टक्के अलीकडे-पलीकडे. एकच पीक आलं तर ते औषध नव्हे, संशय आहे. प्रत्येक बॅचमध्ये ब्लँकमध्ये मुद्दाम औषध घालून ते ७० ते १२० टक्के परत मिळतं का तेही बघा. नाही मिळालं तर बॅच पुन्हा तपासा, आकडा दुरुस्त करत बसू नका. आणि कार्बेन्डॅझिम सापडलं म्हणून शेतकऱ्यानं तेच मारलं असं लगेच म्हणू नका. थायोफनेट-मिथाइल झाडात मोडून कार्बेन्डॅझिमच होतं.

हिशेब सोपा आहे, पण घाईत गल्लत होते. २ ग्रॅम पाला १० मिलि द्रावकात, म्हणजे मिलिला ०.२ ग्रॅम. मशीननं पातळ अर्कात १ नॅनोग्रॅम प्रति मिलि दाखवलं, पाचपट पातळ केलेलं, म्हणजे मूळ अर्कात ५. पाचाला ०.२ नं भागा: २५ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम, म्हणजेच ०.०२५ मिलिग्रॅम प्रति किलो.

दुसरी वाट मॅन्कोझेबची. कापलेला पाला घट्ट बुचाच्या बाटलीत, त्यावर स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं द्रावण, वर आयसोऑक्टेन, आणि ८० अंशांच्या पाण्यात दोन तास, मधून मधून हलवत. मॅन्कोझेब मोडून कार्बन डायसल्फाइड होतं, ते आयसोऑक्टेनमध्ये येतं, आणि जीसी-एमएसवर (वस्तुमान मोजणाऱ्या जीसीवर) ७६ आणि ७८ वस्तुमानाला दिसतं. बाटली पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका, आणि उघडायची ती फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात). यात मॅन्कोझेब, झायनेब, थायरम सगळी एकाच आकड्यात येतात, म्हणून रिपोर्टात "कार्बन डायसल्फाइड म्हणून" असं लिहायला विसरू नका. शेवग्याच्या बाबतीत आणखी जपा. त्याच्या पाल्यात मोहरीच्या कुळासारखी गंधकाची संयुगं मुळातच असतात. फवारा न लागलेल्या शेवग्याचा ब्लँक शेजारी ठेवल्याशिवाय मी त्या आकड्यावर सही करत नाही.

आकडा आला की "पास की नापास?" ज्या औषधाला त्या पाल्यासाठी वेगळी मर्यादा नाही, त्याला आपल्याकडे सर्वसाधारणपणे ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो धरतात, युरोपातही नेहमीची तळरेषा तीच. पण आधी पाला कुठल्या वर्गात बसतो ते नियमात बघून घ्या. आकड्यात ५० टक्के अनिश्चितता धरायची रीत आहे. ०.०१४ आलं तर खरा आकडा ०.००७ ते ०.०२१ मध्ये कुठेही असेल, तेव्हा "निश्चित जास्त" असं म्हणता येत नाही. ०.०२५ आलं तर खालचं टोकही ०.०१२५, मग म्हणावंच लागतं.

बायका हटकून विचारतात, उकळल्यावर जात नाही का? मेटॅलॅक्सिल लिटरभर पाण्यात आठेक ग्रॅम विरघळतं, म्हणजे ते पानातून निघून सरळ कपात येतं. टेब्युकोनॅझोल फारच कमी विरघळतं, ते बरंचसं चोथ्यात राहतं. मर्यादा मात्र वाळलेल्या पाल्यावर मोजतात, कपावर नाही. आणि वाळवताना पाणी उडतं, औषध राहतं. पाचेक किलो ओल्या तुळशीची किलोभर होते, तेव्हा ओल्या पानावरचा क्षुल्लक अंश पुडीत पाचपट दिसतो.

जांबोटीच्या त्या गटाचं हेच झालं. मी त्यांना दोन पुड्या मागितल्या, एक बांधाकडच्या ओळींची, एक विहिरीकडची, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या विळ्यानं कापून. कागदाच्या पिशव्या, सुती दोरा, पेन्सिलीनं लिहिलेलं "बांध" आणि "हीर". विहिरीकडच्या पाल्यात काही नव्हतं. बांधाकडच्यात मेटॅलॅक्सिल, आणि दुसऱ्या वाटेवर कार्बन डायसल्फाइडही. बांधापलीकडं बटाटा होता, करप्याला दोन्ही एकत्र असलेलं औषध मारलेलं, आणि वारा पश्चिमेचा. बाईंनी फोनवर ऐकून घेतलं, मग विचारलं, "मग त्या कडेच्या सात ओळी उपटू का?"

उपटू नका म्हटलं, पण पुढच्या फवारणीनंतर त्यांचा पाला पोत्यात मिसळू नका, आणि शेजाऱ्याला फवारायच्या आदल्या दिवशी निरोप द्यायला सांगा. पुढची पुडी श्रावणात येणार आहे. यावेळी तीन भाग मागितलेत.