आईची साठी क्योतोत: निघण्याआधीची यादी

आईचा जन्म 1966 चा, नोव्हेंबरातला. त्या वर्षीचं संवत्सर पराभव, आणि साठ संवत्सरांचा फेरा पूर्ण होऊन 2026 च्या पाडव्याला पुन्हा पराभवच लागलं. जपानी पंचांगातही साठ वर्षांचंच चक्र आहे आणि साठीला तिथे 'कानरेकी' म्हणतात. म्हणून ठरलं, वाढदिवस क्योतोत.

तिथलं 1966 म्हणजे 'अग्नि-अश्व' वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते, अशी समजूत. तिच्यापायी त्या एका वर्षात जपानमधले जन्म 18 लाखांवरून साडेतेरा लाखांवर आले होते. बाबांना हे मुक्कामावर पोचल्यावरच सांगायचं.

पहिलं काम मुक्कामाचं. नोव्हेंबरअखेर मेपलची पानं लाल होतात आणि क्योतोत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा खोली काही महिने आधी घ्यायची. ऱ्योकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या जुन्या वळणाच्या निवासात राहणार असाल, तर बुकिंग करतानाच 'कानरेकी आहे' असं कळवा. साठीच्या माणसाला तिथे लाल बंडी आणि लाल टोपी घालतात. पुन्हा तान्हं बाळ झाल्याची ती खूण. बऱ्याच ठिकाणी ती फोटोपुरती वापरायला देतात. 'सरप्राइज' द्यायचं ते आईला, यजमानांना नव्हे. जपानमध्ये ऐनवेळी काही मागितलं, तर समोरचा माणूस तुमच्याहून जास्त अवघडतो.

आता जेवण. जास्तीत जास्त डोकं मी इथेच घातलं आहे, कारण आई शाकाहारी. भाजी दिसते साधी, पण ती शिजलेली असते 'दाशी' नावाच्या पातळ रश्श्यात, आणि दाशी बहुतेकदा सुकवलेल्या बोनिटो माशाची. त्यामुळे नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'मासा नको, दाशीसुद्धा कोम्बूची हवी' असं लेखी कळवायचं. कोम्बू म्हणजे समुद्रशेवाळ. वाढदिवसाचं दुपारचं जेवण मात्र निर्धास्त: क्योतोच्या आराशियामा भागातल्या तेन्र्यू-जी मंदिरात 'शिगेत्सु' नावाचं भोजनगृह आहे. तिथे शोजिन ऱ्योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं जेवण मिळतं. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासात चालेल असं. बागेचं तिकीट वेगळं पडतं. बैठक तातामीवर, म्हणजे गवती चटयांवर, तेव्हा गुडघ्यांचं आधी सांगून ठेवायचं आणि बुटकी खुर्ची मिळते का ते विचारायचं.

केक आकड्यांवर मिळतो. आकड्याला तीनने गुणलं की व्यास सेंटिमीटरमध्ये: 4 नंबर म्हणजे 12, 5 नंबर म्हणजे 15. चौघांना 4 नंबर पुष्कळ. बिनअंड्याचा हवा असेल तर 'तामागो नाशी' म्हणून काही दिवस आधी सांगावं लागतं. घ्यायला गेल्यावर दुकानदार 'खोलीवर पोचायला किती वेळ लागेल' असं विचारेल. त्या हिशेबाने तो बर्फाची पाकिटं घालतो, तेव्हा उत्तर खरं द्या.

औक्षणाचं सामान हा आमच्याकडचा सर्वांत वादाचा विषय. काडेपेटी आणि लायटर न्यायचा नाही. सुकं खोबरंही नाही. तेलकट असल्याने ते आपोआप पेटू शकतं, म्हणून चेक-इन बॅगेत चालत नाही. ताजी फळं, विड्याची पानं, अगदी तांदूळसुद्धा जपानच्या तपासणीत अडकतात. अक्षतांना मूठभर तांदूळ तिथेच घ्यायचा. निरांजन, कोरड्या वाती आणि कुंकवाची डबी तेवढी घरून. तेल आणि लायटर कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे सगळं मिळणाऱ्या छोट्या दुकानात, मिळतं. पण लाकडी घरात, तातामीवर ज्योत लावायची तर मालकीणबाईंना विचारूनच, नाहीतर बॅटरीचा दिवा. सोन्याची अंगठी बोटात आहेच. सुपारीच्या जागी मी पाच येनचं भोकाचं नाणं धरणार आहे. 'गोएन' म्हणजे पाच येन, आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे ऋणानुबंध.

फुलं घेताना सावध. सुपरमार्केटात दाराशीच शेवंतीच्या तयार जुड्या असतात. आईला शेवंती भारी आवडते, पण त्या जुड्या घरातल्या मृतांच्या देव्हाऱ्यासाठी असतात. फुलवाल्याकडे जाऊन 'वाढदिवस' असं सांगून गुच्छ बांधून घ्यायचा.

औषधांत बाबांची रोजची एक महिन्यापर्यंतची चालतात, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्यावी. सर्दीच्या गोळ्यांत मात्र स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असेल तर त्या घरीच ठेवा.

राहिले फोन. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. इथे रात्री बारा वाजता शुभेच्छा सुरू झाल्या की तिथे पहाटेचे साडेतीन, म्हणून रात्री आईचा फोन मुका करून ठेवायचा, तिला न सांगता. मावशी सकाळी सहाला करते, म्हणजे तिथे साडेनऊ. त्या वेळी गाडीत बसलेलं असून चालणार नाही, कारण तिथे डब्यात कुणी फोनवर बोलत नाही आणि आमची मावशी अर्ध्या तासाच्या आत ठेवत नाही. दहापर्यंत खोली सोडायची नाही. आराशियामाची गाडी साडेदहानंतरची.