ज्युनिअरचे गोल वर टिकतील का? वहीतून पारखायची रीत

शालेय फुटबॉल स्पर्धेत १२ गोल मारलेलं पोरगं दिसलं की कोल्हापूरच्या पेठेत लगेच आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या व्यावसायिक स्पर्धेच्या, गप्पा सुरू होतात. गोल खरेच असतात. त्यातले किती गोल दणकट बचावफळीसमोरही झाले असते, एवढंच शोधायचं. त्याला वही, घड्याळ आणि आठ-दहा सामने शेवटच्या शिट्टीपर्यंत बघायची तयारी लागते.

सामने मोजू नका, मिनिटं मोजा. समजा, ३०-३० मिनिटांचे ८ सामने झाले आणि त्यातल्या दोन सामन्यांत त्याला मध्यंतरालाच बसवलं. म्हणजे खेळ ४२० मिनिटांचा. १२ गोल भागिले ४२० गुणिले ९०, म्हणजे ९० मिनिटांमागे २.५७ गोल. आकडा झकास दिसतो, पण आता कात्री लावायची. दोन पेनल्टी वगळा. पेनल्टी कुणीही घेतली तरी चारातल्या साधारण तीन आत जातातच. संघ तीन गोलांनी पुढे असताना मारलेले चार गोलही वगळा, मात्र त्या आघाडीतली मिनिटंही वजा करा, नाहीतर पोरावर अन्याय होतो. ती ९० मिनिटं धरली तर उरतात ३३० मिनिटांत ६ मैदानी गोल, म्हणजे १.६४. हिशेब इथून पुढे सुरू होतो.

आता फटके मोजा. व्यावसायिक फुटबॉलमध्ये साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो. एकाने १४ फटक्यांत ६ गोल केले आणि दुसऱ्याने ३५ फटक्यांत ६, तर गर्दी पहिल्याला डोक्यावर घेते. आम्ही दुसऱ्यावर जास्त भरवसा ठेवू. फटका मारण्याच्या जागी पुन्हा पुन्हा पोचणं ही कला वरच्या पातळीवरही सोबत येते. आठ सामन्यांतली अचूकता बरीचशी नशिबाची असते. एक पथ्य: हे ३५ फटके मोठ्या डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी चौकटीच्या, आतले हवेत. तीस यार्डांवरून आभाळात टोलवलेले धरू नका.

गोल कसा झाला, हेही प्रत्येक वेळी लिहा. गोलपोस्ट २.४४ मीटर उंच असतो. तेरा-चौदा वर्षांच्या बुटक्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून गेलेला चेंडू मोठा गोलरक्षक उभ्या जागी धरतो, म्हणून त्या गोलपुढे फुली. उन्हाळ्यात टणक झालेल्या मैदानावर लांब चेंडू उसळून बचावपटूला चकवतो. त्यामागे नुसत्या वेगाने पळून मारलेल्या गोलला निम्मे गुण. पाठीवर बचावपटू असताना चेंडू थांबवून, वळून, कमजोर पायाने मारलेल्या गोलला पूर्ण गुण.

वयाचा मामला नाजूक. वयोगट १ जानेवारीपासून धरला, तर जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेली पोरं एकाच गटात खेळतात आणि चौदाव्या वर्षी त्या अकरा महिन्यांत शरीर फार बदलतं. दर तीन महिन्यांनी उंची नोंदवा. उंची वाढायची थांबली आहे, मिसरूड फुटलं आहे आणि गोल धक्काबुक्कीवर येत आहेत, तर बाकीची पोरं वाढली की ते आटतील. लहानखुरा असून गोल करतो त्याच्यासाठी थांबा.

खालचे गोल वर किती टिकतील हे काढायला कॅनडात बर्फावरच्या हॉकीत ठरलेला गुणक वापरतात. ओंटारिओच्या ज्युनिअर लीगमधल्या दर सामन्याच्या गुणांना, म्हणजे गोल अधिक असिस्टना (गोलसाठी दिलेल्या पासना), जुन्या गणिताप्रमाणे सुमारे ०.३ ने गुणायचं आणि एनएचएल या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा ८२ सामन्यांचा हंगाम धरायचा. कोल्हापुरात असा तयार गुणक मिळणार नाही, पण घरचा काढता येतो. १७ वर्षांखालच्या गटातून वर्षभरात तालमीच्या (इथे तालमींचेच फुटबॉल संघ असतात) वरिष्ठ संघात गेलेली निदान पंधरा पोरं घ्या. ९० मिनिटांमागच्या गोलांची वरची एकूण सरासरी भागिले खालची एकूण सरासरी, हा गुणक. तो नेहमी थोडा फुगलेला येतो, कारण वर मिनिटं मिळतात ती चांगल्यांनाच. बाकावर बसलेले हिशेबात येतच नाहीत. जमलं तर शाहू स्टेडियमवर परदेशी बचावपटूंसमोर खेळलेली मिनिटं वेगळी काढा. ती थोडी असली तरी बोलकी असतात.

शेवटी जागा बघा. पुष्कळांचा अंदाज इथेच चुकतो. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येऊ लागले आणि मधल्या स्ट्रायकरची जागा बहुतेकदा त्यांच्यातल्याच एकाकडे जाते. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आघाडीवर खेळला, पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र विंगर म्हणून जास्त दिसला. कडेला गेलं की गोल घटणारच. म्हणून वहीत आणखी तीन रकाने आखा: कडेवरून बचावपटूला चकवून आत घेतलेले चेंडू, गोलसाठी दिलेले पास आणि चेंडू गेल्यावर मागे पळून केलेली मदत. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर प्रशिक्षक त्याला पूर्ण ९० मिनिटं देणार नाहीत.

वरिष्ठ संघात गेल्यावर पहिल्या ४५० मिनिटांत गोलांवरून निकाल देऊ नका, तेवढ्यात फक्त डीतले फटके मोजा. ते ९० मिनिटांमागे दोनच्या वर राहिले तर गोल आले नसले तरी त्याला खेळवत राहा.