बालसंरक्षणात संशोधन करायचंय? ओटीच्या विद्यार्थ्यांसाठी थोडं अनुभवाचं

मी ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीची थेरपी, शिकवते. बालसंरक्षणात डॉक्टर, सोशल वर्कर, शिक्षक, पोलीस आणि थेरपिस्ट एकमेकांबरोबर कसं काम करतात, हा माझा संशोधनाचा विषय. या वाटेला येऊ पाहणारे हमखास विचारतात, "मॅडम, यात ओटीचं काय काम?"

काम आहे. जेवण, आंघोळ, कपडे, खेळ, झोप हा मुलाचा रोजचा दिवस आपण जितका बारकाईने पाहतो, तितका क्वचितच कुणी पाहत असेल. त्यातून विकलांग मुलांना अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा जास्त. त्यांचं वागणं अचानक बदललं, तर 'कंडिशनमुळे असेल' म्हणून विषय तिथेच मिटतो. हे वाक्य आपलेच लोक म्हणतात, हे विशेष.

थिअरीला हात घालण्याआधी लॉर्ड लॅमिंग यांचा 2003 चा चौकशी अहवाल वाचा. लंडनमध्ये 2000 साली आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए घरच्या छळाने मरण पावली. ती रुग्णालयांना माहीत होती, समाजसेवा विभागांना आणि पोलिसांनाही. हस्तक्षेप करता आला असता अशा किमान 12 संधी हुकल्या, असं अहवाल सांगतो. अहवाल मोठा आहे, वाचवत नाही, तरी वाचा. माहिती कुठे अडली ते बघत वाचा.

विषय निवडताना 'सहकार्य' हा शब्द जरा बाजूला ठेवा, फार ऐसपैस आहे. एखादं निरीक्षण एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचं काय होतं, एवढंच धरा. समजा, ओटी थेरपिस्टने लिहिलं, 'स्पर्शाबाबत अतिसंवेदनशील'. केस मीटिंगमध्ये याचं करायचं काय? सोशल वर्करला कळायला हवं की शर्ट काढायला गेलं की मूल कोपऱ्यात सरकतं, हे एकाच व्यक्तीसमोर होतं की सगळ्यांसमोर, आणि थेरपिस्टने स्वतः काय पाहिलं, काय नुसतं ऐकलं. अशा एका नोंदीचा माग काढला तरी पीएचडीला पुरेल इतकं सापडतं.

फोकस ग्रुपचा, म्हणजे सगळ्यांना एकत्र बसवून चर्चा घ्यायचा, मोह होतो, कारण वेळ वाचतो. पण सीनियर डॉक्टर खोलीत असले की ज्युनिअर सोशल वर्कर माना डोलावतात आणि तुमच्या डेटात सगळं आलबेल दिसतं. आधी एकेकट्याच्या मुलाखती घ्या. खऱ्या केसबद्दल बोलायला लोक कचरतात. त्यांच्यापुढे एक काल्पनिक केस ठेवा, जीभ सैल होते.

एथिक्स कमिटी इथे कसून तपासते आणि तपासायलाच हवं. गोपनीयतेची मर्यादा संमतीपत्रात आणि मुलाखतीच्या सुरुवातीला तोंडी, दोन्हीकडे सांगा: एखादं मूल धोक्यात आहे असं कळलं, तर मला ते कळवावं लागेल. कुणाला, किती वेळात, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवा. प्रत्येक संस्थेची परवानगी वेगळी घ्यावी लागते, तेव्हा वेळापत्रक सैलच ठेवा. नुसती नावं बदलून भागत नाही. दुर्मीळ निदान आणि भावंडांची संख्या एवढ्यावरूनही मूल ओळखू येतं.

आणि मुलाखतींचं ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं काम, बाहेर देणार असाल, तर टाइप करणाऱ्यालाही मजकूर कसला आहे ते आधी सांगा, गोपनीयतेच्या करारावर सही घ्या आणि 'नको' म्हणायची मोकळीक द्या. प्रपोजलमध्ये हा माणूस बहुतेक कुणाच्या ध्यानातच येत नाही.